सिनेमात गेलेलं माझं कफन

तमास्सिंत गाव, सिनेमावाल्यांच्या वर्जाजात शहरापासून चालत दीड तास.
खजूर उतरायला अजून तीन आठवडे.

आदरणीय मेहुणे हाज बासू यांना हम्मू ऊ-इद्दरचा सलाम.

सगळी स्तुती परमेश्वराची, मग पैगंबरांवर सलाम, आणि त्यानंतर लगेच तुमच्या गुडघ्यांची चौकशी. गुडघे कसे आहेत? आगादीरची दमट हवा गुडघ्यांना वाईट, हे तुम्ही तिथे राहायला निघालात तेव्हाच मी म्हणालो होतो. पण तेव्हा तुम्ही हाजी झालेले नव्हता आणि माझं ऐकत नव्हता. (आता हाजी झालात, आता तर मुळीच ऐकत नाही. ते राहू दे.) वहिनींना, मुलांना, नातवंडांना आणि तुमच्या त्या एका शिंगाच्या बकरीलाही सलाम. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसलो, पण पत्रात आधी ठीक आहे असं लिहायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना हम्मूला पत्राची काय हुक्की आली? तर मेहुणे, फोनवर तुम्ही ओरडता. आगादीरहून इथपर्यंत आवाज तुमच्याच जोरावर यायचा आहे असं तुम्हाला वाटतं. त्यात तुमची बहीण इत्तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, आणि तुम्ही बोललेलं मला कळायच्या आधी तिला कळतं. जे लिहितो आहे ते तिच्या कानावर जायला नको. पत्र डिंकाने पक्कं बंद करून सूनबाई तूदाच्या हाती पोस्टात धाडतो आहे. तूदा शहाणी मुलगी आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. अक्षराची माफी असावी. मशिदीतली पाटी आणि फ्रेंचांच्या शाळेतले दोन हिवाळे, एवढ्यावरच हा गाडा चालला आहे.

घाव एकदाच घालतो. तुम्ही हजला गेलात तेव्हा माझ्यासाठी आणलेलं, जमजमच्या पाण्यात भिजवून मक्केच्या उन्हात वाळवलेलं कफन सिनेमात गेलं.

बसा. पाणी प्या. मग पुढे वाचा.

त्या कापडाचं मला काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो, म्हणजे मी हलगर्जी माणूस आहे असं तुमच्या मनात यायला नको. रेशनच्या वर्षी, दुष्काळात, माझा बाप गेला तेव्हा गावात हातभर पांढरं कापड नव्हतं. त्याला पिठाच्या पोत्यात गुंडाळला. मी बारा वर्षांचा होतो. पोत्यावर गिरणीचं नाव निळ्या अक्षरात छापलेलं होतं आणि ते बरोबर बापाच्या छातीवर आलं होतं. तेव्हापासून मला एवढंच हवं आहे की देवापुढे उभं राहताना माझ्या अंगावर माझं स्वतःचं, स्वच्छ, कुणाचंही नाव नसलेलं कापड असावं. बापाच्या शेजारी निजायचं आहे. निदान एकाला तरी नीट पाठवलं, असं त्याला दिसू दे.

म्हणून तुम्ही ते गाठोडं आणून दिलंत आणि मी निवांत झालो. इतका निवांत झालो की गेल्या हिवाळ्यात, खोकला धरला तेव्हा, मी मक्केच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून आडवाच झालो. रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या. म्हटलं, कफन तयार, कबरीची जागा तयार, जावयाशी अबोला होता तोही मिटवला, आता उगाच कशाला ताटकळायचं? नऊ दिवस पडून राहिलो. दहाव्या दिवशी इत्तो म्हणाली, "अहो, मरायचं असेल तर शुक्रवारच्या आत मरा. शुक्रवारी मी कुसकुस करणार आहे, मग पाहुण्यांसाठी पुन्हा चूल पेटवायला लावू नका." मी उठलो. कुसकुस खाल्लं. (सलगम जरा कच्चे होते.)

आता सिनेमा. तुम्हाला माहीतच आहे, सिनेमातल्या गर्दीसाठी माणसं गोळा करणारा काद्दूर मोटरसायकलवरून येतो आणि आम्हा म्हाताऱ्यांना घेऊन जातो. आजवर मी पडद्यावर एकतीस वेळा मेलो आहे. रोमन म्हणून, इराणी म्हणून, दोनदा क्रुसावर लटकलेल्याच्या शेजारचा म्हणून. पण ती मरणं सार्वजनिक. पाचशे जण मरतात त्यात आपणही मरायचं, मग रांगेत उभं राहून जेवण घ्यायचं. या खेपेला काद्दूर म्हणाला, "हम्मूकाका, आता एकट्याने मरायचंय. भुताखेताचा सिनेमा आहे. भाग दुसरा."

पहिल्या भागात म्हणे एक बस घाटातून कोसळते, आणि चार जण पुढच्या वळणावर चुकून उतरलेले म्हणून वाचतात. तर मरण चिडतं. माझी माणसं मला चुकवून पळतात म्हणजे काय! आणि एकेकाला गाठतं. पण गाठतं कसं, तर सरळ नाही. खिळा निसटतो, त्याने शिडी पडते, शिडीने तेल सांडतं, तेलावरून मांजर घसरतं, आणि शेवटी माणूस मरतो. मी दुभाष्याला म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे मरणाचा फरिश्ता असल्या कटकटी करत नाही. माझी आई वाटाणे सोलत होती, "मीठ कुठे ठेवलं" एवढं म्हणाली आणि गेली. मांजर नाही, शिडी नाही. दुभाष्याने ते दिग्दर्शकाला सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, तेवढ्यावर दीड तासाचा सिनेमा होत नाही.

दुसऱ्या भागात उरलेले दोघे मरणाला फसवायचा उपाय शोधत वाळवंटातल्या एका म्हाताऱ्याकडे येतात. हा म्हातारा शंभर वर्षांचा. रोज तो कफन पांघरून खड्ड्यात निजतो. मरण येतं, बघतं, म्हणतं याला नेलेलंच दिसतंय, आणि निघून जातं. तो म्हातारा म्हणजे मी. आम्हा सहा जणांना वाळूत झोपवून निवड केली. एक खोकला, एक घोरला, अल्लाल न्हाव्याने माशी हाकलली, आणि बाकीचे दोघे एकमेकांना तू हललास, तू हललास करत भांडले. माझ्या नाकावर माशी येऊन बसली, पाय धुतले, हात धुतले, नमाज पढल्यासारखं केलं, मी हललो नाही. एकतीस मरणांचा अनुभव कुठे जातो?

इथवर सगळं बरं होतं. पण त्यांनी जे कफन पुढे केलं, मेहुणे, त्याला चेन होती. पँटला असते तशी चेन. वर टोपी शिवलेली, आत खिसा. मी म्हटलं, खिसा कशाला? कपडेपटाची प्रमुख मादाम सोलांज म्हणाली, अंगावरचा माइक ठेवायला. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांना उभं करून धडा दिला: कफन शिवत नाहीत, कापड किती लांब घ्यायचं, गाठी कुठे बांधायच्या, कबरीत कुठल्या सोडायच्या. दिग्दर्शक तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला बसायला खुर्ची दिली. एकतीस सिनेमांत मला कुणी खुर्ची दिलेली नाही. खुर्चीत बसल्यावर माणसाचं डोकं फिरतं. मी म्हणून गेलो की खरं कफन कसं असतं ते बघायचं असेल तर माझ्या घरी आहे, जमजममध्ये धुतलेलं, माझे मेहुणे हाज बासू यांनी स्वतः आणलेलं. (तुमचं नाव तिथे सगळ्यांनी आदराने घेतलं. दिग्दर्शकाने तर दोनदा उच्चारून पाहिलं.) काद्दूर म्हणाला, "मग उद्या आणा ना काका, नुसतं दाखवायला."

घरी येऊन इत्तोला सांगितलं. मला वाटलं, लाटणं घेऊन मागे लागेल. आधी म्हणाली, "अहो, लोक सिनेमात तोंड दाखवायला जातात, तुम्ही कफन दाखवायला चाललात?" मग दिवा घेऊन आतल्या खोलीत गेली. सकाळी गाठोडं स्वतः पेटीतून काढून माझ्या हातात ठेवलं. "सांभाळून न्या," एवढंच म्हणाली. ते गाठोडं मी कधी सोडून पाहिलेलं नव्हतं (उघडलं की बोलावणं येतं म्हणतात), त्यामुळे तिथे मादाम सोलांजने गाठ सोडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडले तर कफन चहात.

हो, चहात. पितळी परातीत काळा चहा उकळून ओतलेला, आणि मादाम सोलांज माझं कफन त्यात बुचकळत होती. म्हणे नुसता पांढरा रंग कॅमेऱ्याला सोसत नाही, चकाकतो. मक्केहून इथवर त्याला धूळ लागू दिली नाही, आणि हिने चहात बुडवलं. त्यात पुदिनासुद्धा नाही. मग तिने कापडाला सत्तावीस नंबरची चिठ्ठी टाचली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, दाखवून झालं, आता द्या. तर दुभाष्या म्हणाला, एकदा चित्रीकरणात घेतलेला कपडा सिनेमा संपेपर्यंत बाहेर जात नाही, नाहीतर एका दृश्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं दिसेल. काम घेताना दिलेल्या कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि खाली सही माझीच होती. किती दिवस? नऊ आठवडे.

म्हणजे काय झालं ते बघा. नऊ आठवडे मला मरता येणार नव्हतं. लोकांना वाटतं, न मरणं ही मोठी सुखाची गोष्ट. करून बघा म्हणावं. त्याच दिवशी संध्याकाळी घरात पाऊल टाकताच मी रक्तदाबाची गोळी मागितली. तपकिरीची डबी शेजाऱ्याला देऊन टाकली. छतावर चढायचं बंद, बदामाच्या झाडावर चढायचं बंद, काद्दूरच्या मोटरसायकलवर बसायचं तर नावच नको (तो घाटात हँडल सोडून सिगारेट पेटवतो). त्यामुळे सेटवर जायला-यायला रोज तीन तास पायपीट. मांस उकडून, मीठ कमी, झोप वेळेवर. सातव्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरने माझा दंड सोडला, पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा फुगवला, आणि म्हणाला, "हम्मूकाका, हे मशीन बिघडलंय की तुम्ही सुधारलात?" माझा जीव टांगणीला लागलेला आणि याला थट्टा सुचते. रोज सकाळी जाग आली की पहिला विचार तोच: आज गेलो तर मला कशात गुंडाळतील? इत्तो म्हणते घरात गव्हाचं एक रिकामं पोतं आहे. ती थट्टेत म्हणाली, पण मी अंगणात जाऊन बसलो. मग बाहेर येऊन तिने माझ्या हातात चहा दिला.

आता माझ्या मरणाचं दृश्य. दुपारी दोनला, भर उन्हात, कॅमेऱ्यावर निळी काच लावून म्हणाले ही रात्र. मी खड्ड्यातून उठून हसायचं, आज पुन्हा चकवलं म्हणायचं आणि चहा ठेवायचा. तेवढ्यात बकरीने दोर ओढायचा, दोराने मांडवाचा खांब पडायचा, खांबाने मडकं फुटायचं, पाणी वाहून माझ्या पायाखालची कड ढासळायची, आणि मी परत खड्ड्यात, या खेपेला कायमचा. बकरी ऐकेना. सतरा वेळा मी हसलो, सतरा वेळा चहा ठेवला, बकरी मांडवाच्या सावलीत बसून रवंथ करत राहिली. दिग्दर्शक तिच्यापुढे गुडघ्यावर बसून विनवत होता. मी म्हटलं, साहेब, बघा, वरून हुकूम नसला की असं होतं. अठराव्यांदा तिने दोर ओढला, पण खांबाऐवजी मादाम सोलांजची छत्री पडली. शेवटी दोर काद्दूरनेच मागून ओढला. म्हणजे सिनेमात मला मरणाने मारलेलं नाही, काद्दूरने मारलं आहे. कुणी विचारलं तर सांगून ठेवा.

पण त्या सतरा खेपांतच मला खरी गोम कळली. तिसऱ्या खेपेला कफन चिंब भिजलं होतं. चौथ्या खेपेला अंगावर आलं ते कोरडं ठणठणीत. एवढ्यात वाळलं कसं? मादाम सोलांजला विचारलं, तर तिने अभिमानाने पेटी उघडली. आत बारा कफनं! त्यांच्याकडे रीतच आहे म्हणे, महत्त्वाच्या कपड्याच्या दहा-बारा नकला काढून ठेवायच्या. एक ओलं, एक कोरडं, एक धुळीचं, एक रक्ताचं, एक माझ्याऐवजी खड्ड्यात उडी मारणाऱ्या पोऱ्याचं. सगळी तितकीच लांब, तितकीच चहाच्या रंगाची. मी म्हटलं, यातलं माझं कुठलं? ती चिठ्ठी शोधायला लागली. चिठ्ठी कुठेच नव्हती. बाराही कफनं आदल्या दिवशी एकत्र धुवायला टाकली होती, आणि कागदाचा लगदा मशीनच्या तळाशी सापडला.

बिचारी खरंच ओशाळली. सिनेमा संपल्यावर बाराही कापडं माझ्या हवाली केली, वर दोन साबणवड्या दिल्या. आता ती आमच्या छतावर दोरीवर वाळत आहेत. पहिल्या दिवशी शेजारणीने ती ओळीने पाहिली आणि गावात साथ आली म्हणून पोरांना घेऊन माहेरी गेली. मी एकेक खाली मागवून प्रत्येकाचा वास घेतला. कोपरे चावून पाहिले, जमजमच्या पाण्याला खारट चव असते असं तुम्ही एकदा म्हणाला होता. सगळ्यांना चहाची चव आहे. मशिदीच्या फकीहांना विचारलं तर ते म्हणतात, "हम्मू, स्वच्छ कापड ते स्वच्छ कापड. तिथे कापड विचारत नाहीत, कामं विचारतात." त्यांचं काय जातं, त्यांच्याकडे कामं आहेत. माझ्याकडे कापडच होतं. आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बातमी लागली की बारातलं एक मक्केचं आहे. आता अल्लाल न्हावी येऊन म्हणतो, "तुझं निवडून झालं की उरलेल्यातलं एक मला दे, त्याच्या शेजारी भिजलंय म्हणजे थोडी बरकत उतरलीच असेल." पाच जणांनी नावं नोंदवली आहेत.

तर मेहुणे, असा मी मधल्यामध्ये लटकलो आहे. बारा कफनं आहेत आणि एकही नाही. गोळ्या चालू आहेत, तपकीर बंद आहे, पायपीट आता सवयीने होते. हे असं किती दिवस ताणायचं? माणसाला कधीतरी निवांत पडायला मिळायला हवं की नको?

वहिनींना पुन्हा सलाम. गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल लावा, कोमट करून.

तुमचा धाकट्या बहिणीचा नवरा, पण वयाने तुमच्याहून मोठा,
हम्मू ऊ-इद्दर

ता. क. मुद्दा राहिलाच. तुम्ही या. कापड तुम्ही घेतलंत, तुम्ही भिजवलंत, तुम्ही घडी घातलीत. तुम्ही बघितलंत की लगेच ओळखाल. बस सकाळची धरा, आणि खिडकीशी बसू नका, घाट आहे.

आणखी एक ता. क. समजा ओळखता आलं नाही. तर मेहुणे, मला तसं सांगू नका. कुठल्याही एकावर ठामपणे बोट ठेवा आणि म्हणा, हेच. हाजी माणसाने म्हटलं की मी मानेन, आणि त्या दिवशी रात्री कित्येक आठवड्यांनी पाय पसरून झोपेन. काद्दूर म्हणतो तिसरा भाग निघणार आहे आणि त्यात मी परत येतो. मी कळवलं आहे की मेहुणे येऊन जाईपर्यंत काही सांगता येत नाही.

मामा, मी तूदा. किटलीच्या वाफेवर डिंक सुटतो. पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. पुढचं त्या सांगतात तसं लिहिते आहे:

दादा, ह्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त कफन सोडून. तुझं कफन सिनेमात गेलंच नाही. त्या गाठोड्यात मी गादीच्या खोळीसाठी आणलेलं कापड बांधून दिलं होतं. मक्केचं कापड मी काय चित्रपटवाल्यांच्या हातात देणार? त्याच दिवशी ह्यांना सांगून टाकणार होते. पण हे दारात आले आणि आपण होऊन गोळी मागितली. दादा, सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड मिटलं ते आजपर्यंत. आता ह्यांच्या गालांवर मांस आलंय. परवा नमाजला जाताना गुणगुणत होते.

तर तू ये. बाराही कापडं नीट बघ, उन्हात धर, वास घे, जरा वेळ लाव. आणि मग मान हलव: यातलं एकही नाही. एकावर जरी बोट ठेवलंस, तर दुसऱ्या दिवशी हे किब्ल्याकडे तोंड करून आडवे होतील. खोटं बोलल्याचं पाप माझ्या मानेवर, तू बसचं भाडंसुद्धा माझ्याकडून घे. खरं कापड सातूच्या रांजणात तळाशी आहे, कोरडं आहे, मी दर महिन्याला हात घालून बघते. ह्यांच्या वडिलांना मिळालं नाही ते ह्यांना मिळेल, ती काळजी माझी. पण दादा, घाई नाही. त्या रांजणात अजून पुष्कळ सातू आहे, आणि तो संपेपर्यंत आम्हा दोघांना रोज भाकरी खायची आहे.